रक्त थांबतं कशानं?

यावल-रावेरकडे केळीचे घड कापताना विळा बोटाला लागतो, शिरपूर-धुळ्याकडे कापूस वेचताना बोंडाची टोकं बोचतात. रक्त येतं, थांबतं, काम पुढे चालू. पण ते थांबतं कशानं, यावर बांधावर चार जणांची चार मतं.

गैरसमज: हवा लागली की रक्त गोठतं.
वस्तुस्थिती: मुका मार लागतो तेव्हा कातडी फाटत नाही, तरी आत रक्त साकळून काळंनिळं होतंच. खरी मेख रक्तवाहिनीच्या भिंतीत आहे. तिचं आतलं अस्तर रक्त गोठू न देणारी द्रव्यं सोडत असतं. ते फाटलं की खालचं कोलॅजन उघडं पडतं. वाहिनी लगेच आकसते, प्लेटलेट्स कोलॅजनला चिकटून बूच बसवतात आणि फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं ते पक्कं करतं.

गैरसमज: दगडी पाला, हळद किंवा चुना लावल्याशिवाय रक्त थांबत नाही.
वस्तुस्थिती: लहान जखमेचं रक्त काही न लावताही काही मिनिटांत थांबतं, नाव पाल्याचं होतं. उलट मातीच्या हातानं चोळलेल्या पाल्याबरोबर धनुर्वाताचे जंतू आत जाऊ शकतात. स्वच्छ फडकं ठेवून सलग 10 मिनिटं दाबावं. थांबलं का, हे बघायला मध्येच फडकं उचललं तर नुकतं बसलेलं बूच निघतं. लालभडक रक्त उसळ्या मारत असेल, तर धमनी कापली गेली असं समजावं आणि दाब न सोडता दवाखाना गाठावा.

गैरसमज: अ‍ॅस्पिरिननं रक्त पातळ होतं.
वस्तुस्थिती: रक्ताचा दाटपणा तसाच राहतो, प्लेटलेट्स एकमेकींना नीट चिकटत नाहीत, इतकंच. दात काढण्याआधी या गोळीचं डॉक्टरांना सांगावं. मनानं ती बंद करू नये.

गैरसमज: साप चावल्यावर चिरा द्यावा, वर दोरी करकचून बांधावी.
वस्तुस्थिती: घोणस आणि फुरसं यांचं विष रक्त गोठवणारी प्रथिनंच संपवतं. मग त्या चिऱ्याचं रक्त थांबणार कसं? दोरीनं हातापायाचा रक्तपुरवठा तुटतो, तो वेगळाच. रुग्णालयात कोरड्या काचेच्या नळीत 2 मिली रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरपी केल्यावर रक्त वाहिलं, तर प्रतिविष सुरू होतं. ही तपासणी जितकी लवकर, तितकं बरं. म्हणून मांत्रिकाकडे वेळ न घालवता 108 ला फोन करावा आणि जवळचं सरकारी रुग्णालय गाठावं.