अमेरिकी सांगाडा, डिझेलचे काळीज

जुनी अमेरिकी मोटार म्हटली की आपल्यापुढे दोन चित्रे उभी राहतात. एक संस्थानिकाच्या वाड्यापुढच्या पोर्चमधले, दुसरे कृष्णधवल चित्रपटातल्या खलनायकाचे. तिसरे चित्र अधिक परिचयाचे आहे, पण त्याची नोंद फारशी कोणी ठेवलेली नाही. हमरस्त्यावरच्या गावात थांब्याजवळ उभी असलेली, रंग उडालेली, लांबलचक डॉज किंवा प्लिमथ. तिच्या बॉनेटखालून येणारा आवाज मात्र मळणीयंत्राच्या जातीचा. अंग अमेरिकेचे आणि आतले इंजिन डिझेलचे. ही गाडी अशा रूपात अमेरिकेतल्या कोणत्याही कारखान्यातून बाहेर पडलेली नव्हती. ती इथल्या मिस्त्रींनी घडवली. ती कशी घडली, का घडली आणि आज कायद्याच्या व स्मरणाच्या दप्तरात तिची जागा कुठे आहे, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

शिवडी ते कुर्ला

अमेरिकी मोटारींची मुंबईतली जुळणी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सुरू झाली. जनरल मोटर्सच्या शिवडीच्या कारखान्यातून १९२८च्या डिसेंबरात पहिली शेवरलेट बाहेर पडली. फोर्डनेही मुंबईत आपले बस्तान बसवले. सुटे भाग खोक्यांतून बोटीने यायचे आणि इथे जोडले जायचे. वऱ्हाडात त्या वेळी कापसाचा पैसा खेळत होता. अकोला, खामगाव, कारंजा ही कापसाची मोठी ठाणी. जिनिंग-प्रेसिंगचे मालक, अडते, मोठे जमीनदार आणि वकील हे अशा गाड्यांचे स्वाभाविक गिऱ्हाईक होते. दमणी आणि छकडा जिथे बैलांच्या चालीने चालत होते, त्याच वाटेवर ही अवजड सहा सिलिंडरची गाडी धूळ उडवत जाऊ लागली. कच्च्या रस्त्यासाठी ती सोयीचीही होती. जमिनीपासून उंच, चौकट भक्कम, पाटे जाड.

दुसरा टप्पा स्वदेशी उद्योगाचा. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि क्रायस्लर कंपनीशी करार केला. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो, प्लिमथ ही नावे मराठी माणसाच्या तोंडी रुळली ती या कारखान्यामुळे. डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट आणि प्लिमथ सॅव्हॉय या तिन्ही गाड्या म्हणजे थोड्याफार फरकाने एकच गाडी होती. जाळी वेगळी, बिल्ला वेगळा, इंजिन तेच. ही गोष्ट पुढे मिस्त्रींच्या फार उपयोगी पडली, कारण एका गाडीचा सुटा भाग दुसरीला चालायचा.

१९५३मध्ये केंद्र सरकारने टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून धोरण ठरवले की, टप्प्याटप्प्याने इथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम नसणाऱ्या कंपन्यांना नुसती जुळणी करता येणार नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी पुढच्या वर्षभरात काढता पाय घेतला. प्रीमियरचा भर हळूहळू इटलीच्या फियाटकडे वळला. मुंबईत ‘डुक्कर फियाट’ या लाडक्या नावाने ओळखली जाणारी गाडी हे त्या वळणाचेच फळ. मोठ्या अमेरिकी गाडीचा मार्ग असा बंद झाला. आयातीवर कडक निर्बंध होते, नवी गाडी मिळायला वर्षे लागत. म्हणून जी गाडी हाताशी होती ती टिकवणे एवढाच उपाय उरला.

पेट्रोलचा खड्डा

या गाड्यांचे मूळ इंजिन साधे आणि टिकाऊ होते. पण त्यांची रचना पेट्रोल स्वस्त असलेल्या देशासाठी झालेली होती. प्लिमथचे सहा सिलिंडरचे इंजिन सुमारे ३.६ लिटरचे. त्याच्या झडपा सिलिंडरच्या वर नसून बाजूला असत, त्यामुळे मिश्रणाचा दाब फार वाढवता येत नसे. दाबाचे प्रमाण साधारण सात पटीच्या आसपासच राहायचे आणि इंधनातली पुष्कळशी उष्णता वाया जायची. लिटरला सहा-सात किलोमीटरच्या पुढे ही गाडी क्वचितच जाई. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव भडकले. डिझेल मात्र शेती, एसटी आणि मालवाहतूक यांच्यासाठी सरकारने स्वस्त ठेवले. पेट्रोलचे भाव नियंत्रणातून मुक्त झाले २०१०मध्ये आणि डिझेलचे २०१४मध्ये. दोन इंधनांच्या भावातली ही तफावत काही दशके टिकली आणि या लेखातल्या गाडीचा जन्म त्याच तफावतीतून झाला.

सावकाराच्या किंवा जिनवाल्याच्या दारातली गाडी तोवर दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेली असे. तो मालक हौशी नव्हता. त्याला माणसे वाहायची होती. मागे चार, पुढे तीन आणि डिकीत सामान, अशी प्रशस्त जागा दुसऱ्या कोणत्याही मोटारीत नव्हती. अडचण एकच होती, ती म्हणजे टाकीत जाणारे पेट्रोल.

अमेरिकेने केलेले दोन प्रयोग

अमेरिकेतही मोटारीत डिझेल घालण्याचा विचार झाला होता. क्लेसी कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या गृहस्थाने मंदीच्या सुरुवातीला, १९२९च्या अखेरीस, आपले डिझेल इंजिन पॅकार्ड या आलिशान गाडीत बसवले आणि ती इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कपर्यंत नेली. जवळपास आठशे मैलांच्या या प्रवासाला इंधन लागले १ डॉलर ३८ सेंटचे. कमिन्सचे नाव आपल्याला परके नाही. १९६२मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यात कोथरूडला त्याच कंपनीचा कारखाना उभा राहिला. म्हणजे परक्या सांगाड्यात डिझेल बसवण्याची आपल्या मिस्त्रींची कल्पना डिझेलच्या इतिहासात पहिल्यापासूनच होती.

दुसरा प्रयोग मोठा आणि दुर्दैवी ठरला. तेलसंकटानंतर जनरल मोटर्सने १९७८च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ५.७ लिटरचे डिझेल इंजिन दिले. ते पेट्रोलच्या इंजिनाच्या आराखड्यावरून उभे केलेले होते. ब्लॉक बराच जाड केला, पण हेड आवळणाऱ्या बोल्टांची मांडणी पेट्रोलच्या इंजिनाचीच राहिली. डिझेलमधला दाब वीस पटीच्या पुढे जातो. तो दाब त्या बोल्टांना पेलला नाही. हेडचे गॅस्केट जाऊ लागले, पाणी सिलिंडरमध्ये शिरू लागले. इंधनातले पाणी वेगळे करणारी गाळणीही गाड्यांना नव्हती, त्यामुळे पंप आणि नोझल खराब होत. १९८५पर्यंत हे इंजिन बंद झाले आणि अमेरिकी माणसाच्या मनातून डिझेल मोटार उतरली ती पुष्कळ वर्षे. त्याच काळात तिकडे चांगली चालणारी डिझेल मोटार होती जर्मनीची मर्सिडीज २४० डी. त्या गाडीच्या इंजिनाशी आपला संबंध पुढे येईल.

डिझेलची शाळा

इथल्या मिस्त्रीला डिझेल कोणी शिकवले? त्याचे उत्तर विहिरीच्या काठावर आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ साली पुण्याजवळ खडकीला झाली. साताऱ्याच्या कूपरची इंजिनेही गावोगाव होती. वीज यायच्या आधी पाणी उपसणारे, पिठाची गिरणी चालवणारे इंजिन हे खेड्यातले पहिले यंत्र. ते बिघडले की दुरुस्त करणारा कोणीतरी गावात तयार व्हावाच लागे. नोझल फवारते की थेंबाथेंबाने गळते, धूर काळा आहे की निळा, पंपात हवा धरली आहे का, हे ज्ञान शेताच्या बांधावर पसरले होते. मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्सची इंजिने बनवायला घेतली. ४.७ लिटरचे, सहा सिलिंडरचे पी-६ हे इंजिन ट्रकांतून सर्वदूर गेले. महिंद्राच्या जीपलाही डिझेल इंजिन लागले. पुण्याच्या बजाज टेम्पोने आपल्या गाड्यांसाठी मर्सिडीजचे ओएम ६१६ हे २.४ लिटरचे इंजिन परवान्याखाली बनवायला सुरुवात केली. मर्सिडीज २४० डीचे इंजिन ते हेच. अमेरिकेतल्या रस्त्यावर जे इंजिन प्राध्यापकाच्या आणि डॉक्टरच्या मर्सिडीजमध्ये धडधडत होते, तेच इकडे ‘मॅटाडोरचे इंजिन’ म्हणून डॉजच्या पोटात बसले.

पोटात काय घडायचे

पेट्रोलच्या इंजिनाचे डिझेल करता येत नाही, हे मिस्त्रीला पक्के ठाऊक होते. डेट्रॉइटने जो मधला मार्ग काढू पाहिला, तो मिस्त्रीने सुरुवातीलाच सोडून दिला. जुने इंजिन बाहेर, नवे आत, असा सरळ मामला होता. पण सरळ म्हणजे सोपा नव्हे.

पहिला प्रश्न फाउंडेशनचा, म्हणजे इंजिन ज्यावर बसते त्या आधारांचा. चौकटीवर नव्या जागी पट्ट्या वेल्ड कराव्या लागत आणि त्यांवर रबराचे जाड पॅड घालावे लागत. डिझेलचा हादरा या रबराने पचवला नाही तर दारे खडखडतात आणि काचा सैल होतात. दुसरा प्रश्न इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडाचा. दोघांची भोके जुळत नसत. मग लेथवर जाड लोखंडी प्लेट फिरवून मधला जोड तयार करायचा. त्याचा मध्य केसभर जरी चुकला तरी क्लचप्लेट आणि बेअरिंग जाते. या एका तुकड्यावरून मिस्त्रीची पारख होई.

तिसरा प्रश्न विजेचा. पन्नाशीच्या मध्यापर्यंतच्या अमेरिकी गाड्यांची वायरिंग सहा व्होल्टची. डिझेलला दाब जास्त, म्हणून स्टार्टर दांडगा हवा आणि थंडीत ग्लो-प्लग तापवायला भरपूर वीज हवी. म्हणून अख्खी वायरिंग बारा व्होल्टची करावी लागे. दिवे, हॉर्न, वायपरची मोटर सगळे बदलायचे. चौथा प्रश्न वजनाचा. पर्किन्ससारखे लोखंडी धूड बसवले की गाडीचे नाक खाली झुके, स्टिअरिंग जड होई, ब्रेक अपुरे पडत. मॅटाडोरचे इंजिन लहान असल्याने हा त्रास कमी होता, आणि तेच पुढे अधिक पसंतीला उतरण्याचे हे एक कारण. ताकद मूळ इंजिनापेक्षा कमी भरे. गाडी घाटात रडायची, पण सपाटीवर, भरल्या पोटी, दिवसभर एकाच चालीने जायची. लिटरमागचे किलोमीटर दहा-बाराच्या घरात गेले की मालकाचा खर्च निघत असे.

हे सगळे काम कागदावरच्या नकाशाशिवाय झाले. मोजमाप दोरीने, पट्टीने आणि डोळ्याने. म्हणून त्याचे दप्तर शिल्लक नाही.

रस्त्यावरची गावे

किन्हीराजा हे मालेगाव तालुक्यातले गाव नागपूर-संभाजीनगर या जुन्या रस्त्याच्या पट्ट्यातले. अशा गावांचे जगणे रस्त्याशी बांधलेले असते. बाजार, दवाखाना, कचेरी, लग्नाची वरात, सगळे याच रस्त्याने. वाशीम जिल्हा अस्तित्वात आला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी जिल्ह्याचे काम म्हणजे अकोला गाठणे. एसटी ठरल्या वेळी येई, आणि माणसाची गरज नेहमी ठरल्या वेळी येत नाही. मधली पोकळी भरायला भाड्याची मोटार लागे. पुढे तीच जागा काळी-पिवळी जीप, ट्रॅक्स आणि वडापच्या गाड्यांनी घेतली. मोठी अमेरिकी गाडी लग्नसराईतली नवरदेवाची गाडी म्हणून काही काळ तग धरून राहिली.

याच जिल्ह्यातून जाणाऱ्या शकुंतला रेल्वेची कथा इथे आठवावी. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणाऱ्या या अरुंद रुळांच्या गाडीला मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन होते. सात दशके ओढल्यावर १९९४मध्ये त्याच्या जागी डिझेल आले, आणि गाडी आणखी काही काळ कापसाच्या प्रदेशात माणसे वाहत राहिली. त्या गाडीला कोणी बनावट म्हटले नाही. ती शकुंतलाच राहिली.

वारसा कशाला म्हणायचे?

प्रश्न इथे येऊन थांबतो. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चौकट, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणायचे. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. प्रदर्शने, मेळावे यांसाठी त्या रस्त्यावर आणता येतात, रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही.

नियमाचा हेतू योग्य आहे. मूळ वस्तू मूळ रूपात राखण्याला मोल आहेच. पण त्याची एक बाजू विचार करायला लावते. जी गाडी एखाद्या वाड्याच्या गॅरेजमध्ये आच्छादनाखाली झोपून राहिली, ती वारसा ठरते. जी गाडी बाळंतिणीला दवाखान्यात नेत राहिली, कापसाच्या पट्टीचा पैसा घेऊन परतणाऱ्या शेतकऱ्याला घरी सोडत राहिली, आणि त्यासाठीच जिचे इंजिन बदलावे लागले, ती मात्र वारशात बसत नाही. ज्या बदलामुळे ती जगली तोच बदल तिला अपात्र ठरवतो. आरसी बुकात इंजिनबदलाची रीतसर नोंद नसेल तर अडचण आणखी वाढते, कारण मोटार वाहन कायद्याला गाडी आणि कागद जुळलेले हवे असतात. मग अशा गाडीपुढे दोनच वाटा उरतात. एक तर डिझेल काढून, परदेशातून जुने पेट्रोल इंजिन मिळवून तिला ‘मूळ’ करायचे, नाहीतर भंगारवाल्याला द्यायचे. पहिल्या वाटेने गाडी वाचते, पण तिचा मराठी मुलखातला सारा इतिहास पुसला जातो. दुसऱ्या वाटेने दोन्ही जातात.

नियम लगेच बदलतील असे नाही. परंतु नोंद ठेवणे आपल्या हातात आहे. ज्यांच्या घरात अशी गाडी होती त्यांनी जुने आरसी बुक, विम्याचे कागद, लग्नातली छायाचित्रे जपावीत. जे वयोवृद्ध मिस्त्री आज हयात आहेत त्यांच्याकडून जोडप्लेट कशी फिरवली, इंजिन कुठून आणले, मजुरी किती घेतली हे विचारून लिहून घ्यावे. जिल्ह्याच्या इतिहासात देवळे आणि गढ्या येतात, त्यांच्या शेजारी एखादे पान गॅरेजलाही मिळायला हवे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग आता वाशीम जिल्ह्यातून जातो, आणि जुन्या रस्त्यावरची वर्दळ त्याने आपल्याकडे ओढली आहे. ज्या रस्त्यासाठी त्या गाड्या बदलल्या, तो रस्ताच आता बदलतो आहे. ते काम करणारे हात अजून आपल्यात आहेत, तोवर त्यांना विचारलेले बरे.