थंडीआधी दारं-खिडक्या बघून घेऊ

पावसात फुगलेलं दार आता कोरड्या हवेत आक्रसतं, फटी पडतात. म्हणून पावसाळ्यात दार अडलं तरी लगेच रंधा मारायचा नाही, दिवाळीपर्यंत थांबायचं. आम्ही गटातल्या बाया पंखा बंद करून पेटती उदबत्ती चौकटीभोवती फिरवतो. धूर जिथे हलला, तिथे फट. भिंत आणि चौकट यांच्यामधली फट लांबीने बुजवायची, उंबरठ्याशी जुन्या लुगड्याची वळकटी ठेवायची. चौकट ठोकल्यावर पोकळ वाजली, तर सुताराला दाखवायची. वाळवी असू शकते.

पण बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवून सगळं गच्च बंद करू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो. शेगडी असेल तोवर खिडकी उघडी हवी, आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर.