खिंडीपर्यंत धावायचे, पण कोणाच्या वेगाने?

रविवारी पहाटे देहूरोड स्टेशनवर लोणावळ्याकडे जाणारी लोकल लागते तेव्हा आमची आठ-दहा जणांची टोळी मळवलीचे तिकीट काढून तयार असते. त्यात कारखान्यातून निवृत्त झालेले काका आहेत, दोन शिक्षिका आहेत, मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेली एक ताई आहे आणि कॉलेजात जाणारी पोरेही आहेत. सुरुवातीला यातल्या निम्म्या लोकांना बसमागे चार पावले पळाले तरी धाप लागायची. आज तीच माणसे मळवलीहून लोहगड-विसापूरमधल्या खिंडीपर्यंत धावत-चालत जातात. वाचकांपैकी अनेकांनी या वाटेविषयी विचारले, म्हणून हा लेख. मात्र वाटेबरोबर आमच्या हातून झालेली एक चूकही सांगायची आहे, कारण तिचा संबंध आपल्या समाजातील अनेक घरांशी आहे.

वाट कशी आहे?

मळवली स्टेशनवर उतरून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गावाची वाट लागते. हा पहिला टप्पा जवळजवळ सपाट आहे. दोन्ही बाजूंना भातखाचरे, मधूनमधून घरे, समोर डोंगराच्या कुशीत इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झालेली भाज्याची लेणी. अंग गरम करायला हा टप्पा फार उत्तम. येथे घाई करू नये.

भाज्यापुढे चढ सुरू होतो. डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड आणि मधून वळणे घेत जाणारा रस्ता. शेवटी गायमुख खिंड येते, जवळच लोहगडवाडी. खिंडीपर्यंत आपण इंद्रायणीच्या खोऱ्यात असतो. खिंडीत उभे राहिले की पलीकडे पवनेचे खोरे दिसते. धरणाचे पाणी आणि त्याच्याभोवती तिकोना, तुंग. पवनेचे हेच पाणी पुढे पिंपरी-चिंचवडच्या नळांना येते. आपण रोज पितो ते पाणी कुठून निघते, हे आमच्यातल्या कित्येकांनी या खिंडीतच पहिल्यांदा पाहिले.

ज्यांचा सराव चांगला आहे ते पवनेच्या बाजूला थोडे उतरून परत चढतात. नवीन माणसाने खिंडीतूनच मागे फिरावे.

आमची चूक

गोष्ट एका एप्रिलमधली आहे. त्या दिवशी आम्हाला निघायला उशीर झाला, ऊन वर आले होते. आमच्यात बावीस वर्षांचा एक तरुण होता. अंगाने काटक, कबड्डी खेळणारा. त्याचे कुटुंब मूळ गोंदियाकडचे. तो चढाला लागला तो सगळ्यांच्या पुढे, जोरात. अर्ध्या चढावर आम्ही पोहोचलो तेव्हा तो रस्त्याच्या कडेला बसलेला. म्हणाला, "मांड्यांत जोरच नाही."

आम्हाला वाटले, पायात गोळा आला असेल. आमच्यातलेच कोणीतरी म्हणाले, "ऊठ रे, खिंड दिसतेय. पाच मिनिटं फक्त." बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. तो आमच्या शब्दाखातर उठला, पन्नासेक पावले गेला आणि गुडघ्यांवर कोसळला. शुद्धीत होता, पण श्वास जोरजोरात चालू होता आणि पाय उचलत नव्हते. गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा घट्ट होतो. याच्या मांड्या हाताला मऊ लागत होत्या. आम्ही त्याला सावलीत झोपवले, पाणी पाजले, अंगावर ओले फडके टाकले. लोहगडवाडीतल्या एका दादांनी आपली जीप काढली, तेव्हा तो दवाखान्यात पोहोचला.

संध्याकाळी त्याची लघवी काळ्या चहासारखी झाली. अतिश्रमाने स्नायू तुटून त्यातले द्रव्य मूत्रपिंडावर आले होते. डॉक्टरांनी काही दिवस सलाईनवर ठेवले आणि आईला विचारले, "घरात कोणाला सिकलसेल आहे का?" आई म्हणाली, "माझ्या बहिणीच्या मुलीला होता." तपासणीत तरुण सिकलसेलचा वाहक निघाला. त्याला स्वतःला ते ठाऊक नव्हते. आम्ही तर विचारलेही नव्हते.

सिकलसेल वाहक म्हणजे काय?

रक्तातील हिमोग्लोबिनचा एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून येतो. दोन्ही सदोष असतील तर सिकलसेल आजार होतो, त्याला 'एसएस' म्हणतात. एकच सदोष असेल तर माणूस वाहक असतो, म्हणजे 'एएस'. वाहकाला सहसा काहीच त्रास होत नाही. तो नोकरी करतो, खेळतो, पूर्ण आयुष्य जगतो. परंतु कडक ऊन, अंगात पाण्याची कमतरता आणि दमसास संपेपर्यंतचे श्रम एकत्र आले, तर त्याच्याही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडवू शकतात. असे क्वचितच घडते, पण घडले तर जिवावर बेतू शकते.

विदर्भात आदिवासी समाजांबरोबर आपल्या समाजातही हा जनुक बऱ्याच प्रमाणात आढळतो. यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. जिथे हिवतापाची साथ पिढ्यानपिढ्या होती तिथे हा जनुक टिकला, कारण वाहकाला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडून पुण्या-मुंबईकडे आलेल्या कुटुंबांनी ही तपासणी जरूर करावी. सरकारी दवाखान्यात चौकशी करा. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू झाले आहे. लग्न जमवतानाही या तपासणीचा उपयोग आहे: दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

वाहकाने धावणे सोडायचे नाही. सावकाश सुरुवात करायची, पाणी पीत राहायचे, उन्हात आणि तापात धावायचे नाही, शर्यत लावायची नाही. मांड्यांत किंवा कमरेत अचानक अशक्तपणा आला की जागीच थांबायचे. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे त्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अशा वाटेला जाऊ नये.

आता आम्ही असे धावतो

आमच्या टोळीचा वेग आता सर्वांत मागचा माणूस ठरवतो. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की चालायचे. नवीन माणूस एक मिनिट धावतो, दोन मिनिटे चालतो. भाज्यापुढचा चढ आम्ही सगळेच बहुतेक चालत चढतो. चढावर झपझप चालण्यानेही हृदयाला भरपूर व्यायाम होतो. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातली बरीच मिनिटे एका रविवारी येथे भरतात, पण उरलेल्या दिवशीही अर्धा तास चालायला हवे. सहा दिवस बसून सातव्या दिवशी डोंगर चढू नये.

उतरताना गुडघे सांभाळा. पावले लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा. उताराने मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात, त्याची भीती नको. सांधा सुजला तर मात्र दाखवून घ्या.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे. आपल्या देशात हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गूळ ठेवावा आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम यांपैकी काहीही झाले तर "ॲसिडिटी असेल" म्हणत बसू नये. १०८ ला फोन करावा.

आमच्या भगिनी धावायला आल्या त्या पंजाबी ड्रेस आणि साध्या बुटांवर. बुटाचा तळ झिजलेला नसला आणि बोटांना जागा असली की पुरते. "या वयात काय पळतेस?" असे घरातले म्हणतील तर त्यांनाही एकदा बरोबर आणा.

पावसाळा आणि गावाचा मान

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पावसात मावळ सुंदर दिसतो, पण दरड, शेवाळ आणि अचानक चढणारे ओढे यांच्याशी खेळ नको. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, हे आपण विसरलेलो नाही. गवतातून पायवाट काढू नका. सर्पदंश झाला तर जखम कापू नका, दोरी आवळू नका, तो अवयव न हलवता लगेच दवाखाना गाठा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोची भीती असते.

पावसाळ्यात हिंडणारे भिक्खू हिरवी रोपे तुडवतात, बारीक जीव मरतात, अशी लोकांची तक्रार आली तेव्हा बुद्धांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम केला, असे विनयपिटक सांगते. लेण्यांखालच्या खाचरांत आजही लावणी होते. बांधावरून धावले की बांध खचतो आणि शेतकऱ्याचे पाणी जाते. आम्ही तेवढे महिने गावच्या रस्त्यापुरतेच राहतो. प्लास्टिकच्या बाटल्या परत आणतो. वाटेत भेटलेल्या मावशींना थांबून विचारतो, मग पुढे जातो.

तो तरुण आता पुन्हा आमच्याबरोबर येतो. त्याच्या बहिणीचीही तपासणी झाली. चढ तो चालत चढतो आणि नवीन कोणी दमून बसले की पाण्याची बाटली घेऊन शेजारी बसतो. "पाच मिनिटं फक्त" हे वाक्य आमच्या टोळीत आता कोणी उच्चारत नाही. तुमच्या वस्तीत अशी टोळी काढणार असाल तर पहिल्या रविवारी धावायच्या आधी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा: औषध कोणते चालू आहे? आणि घरात सिकलसेल आहे का?