थंड नदीत पडल्यावर पहिले मिनिट महत्त्वाचे का असते?

उन्हाळ्याच्या सुट्टीत महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे ऋषिकेशला जाऊन गंगेत राफ्टिंग किंवा कयाकिंग करतात. डोक्यावर कडक ऊन असले, तरी हिमालयातील बर्फ वितळून आलेले हे पाणी मे महिन्यातही गार असते. म्हणून ‘मला पोहता येते’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

शरीरात काय होते?

साधारण १५ अंश सेल्सिअसपेक्षा थंड पाण्यात अचानक पडल्यास त्वचा एकदम गार होते आणि आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो. तो रोखणे आपल्या हातात नसते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पाणी श्वासनलिकेत जाते. पाठोपाठ धाप लागते, नाडी आणि रक्तदाब वाढतो. याला ‘कोल्ड शॉक’ म्हणतात. त्याचा जोर एक ते तीन मिनिटांत ओसरतो. नंतर हातपाय गारठून त्यांतली ताकद कमी होते आणि पट्टीचा पोहणाराही थकतो. शरीराचे तापमान धोकादायक पातळीला उतरायला मात्र सहसा अर्धा तास किंवा जास्त वेळ लागतो. म्हणजेच सुरुवातीचा धोका गारठ्याचा नसून श्वासाचा असतो.

पाण्यात पडल्यास काय करावे?

• लगेच पोहू नका. लाइफ जॅकेटच्या आधाराने तरंगत राहा, श्वास सावरू द्या. त्यासाठी जॅकेटचे सर्व पट्टे घट्ट बांधलेले हवेत.
• उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि वर ठेवा.
• वाहत्या पाण्यात उभे राहू नका. पाय दगडांत अडकू शकतो.
• गाइडने टाकलेला दोर हातांनी धरा, मनगटाला गुंडाळू नका.

कोणी टाळावे?

हृदयविकार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भावस्था असल्यास राफ्टिंग टाळावे. दमा असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. मद्यपान करून नदीत उतरू नका.

बाहेर काढल्यावर

ओले कपडे काढून कोरडे कपडे व ब्लँकेट द्या. हातपाय चोळू नका. व्यक्ती पूर्ण शुद्धीवर असेल, तर कोमट गोड पेय द्या. श्वास बंद असल्यास तोंडाने श्वास देऊन सीपीआर सुरू करा आणि ११२ किंवा १०८ वर फोन करा.

नाकातोंडात पाणी गेल्यानंतर काही तासांत खोकला वाढला, दम लागला किंवा गुंगी आली, तर रुग्णालयात जा. ‘आता बरे वाटेल’ म्हणून थांबू नका.