पाठचा भाऊ

"काका, किडनी कुठे असते? हात लावून दाखवा बरं," डॉक्टरबाई म्हणाल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या असतील. मी क्षणभर घुटमळलो आणि बेंबीच्या खाली, उजवीकडे हात ठेवला. त्या हसल्या नाहीत. उठून आल्या, मला पाठमोरं उभं केलं आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांपाशी बोटं टेकवून म्हणाल्या, "इथे. पुढे नाही, मागे. आणि उजवी जराशी खाली, कारण तिच्या डोक्यावर लिव्हर बसलेलं असतं."

ही गोष्ट 2019 सालची. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो. बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी कर्जखात्यात. गोदामात जाऊन पोती मोजल्याशिवाय कुणाच्या कागदावर सही केली नाही. आणि त्या दिवशी जी वस्तू मी स्वतःहून द्यायला निघालो होतो, ती कुठे ठेवलेली आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

द्यायची होती धाकट्या भावाला. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, माझ्या पाठचा. वर्षभर त्याला थकवा होता. जिना चढताना धाप लागे, संध्याकाळी पावलांवर सूज येई. हिमोग्लोबिन साडेसातावर आलं, म्हणून कुणी तरी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या तो चार महिने इमानेइतबारे घेत राहिला. दुखत मात्र कुठेच नव्हतं. मीच त्याला म्हणालो होतो, "वय झालं आता तुझं, होतं असं." शेवटी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं तेव्हा ते नऊच्या वर गेलेलं. दोन्ही किडन्या जवळपास संपल्या होत्या. कारण होतं रक्तदाब. दहा वर्षांपूर्वी त्याला गोळी सुरू झाली होती. बरं वाटतंय म्हणून ती त्यानं बंद केली होती.

एवढा मोठा घात होतो आणि दुखत कसं नाही, हा माझा पहिला प्रश्न. डॉक्टरबाईंनी सांगितलं की, किडनीच्या आतल्या भागाला वेदना कळतच नाहीत. खडा नळीत अडकला किंवा वरचं वेष्टन ताणलं गेलं, तरच माणूस कळवळतो. आतली झीज मुकाट्यानं होत राहते.

मी घरी येऊन विचार करू लागलो, तेव्हा लक्षात आलं की आपल्या बोलण्यातसुद्धा हा अवयव मुकाच आहे. आपलं काळीज तुटतं, पित्त खवळतं, पोटात गोळा येतो, छाती दडपते, मेंदूला मुंग्या येतात, माणूस हाडाचा शिक्षक असतो. किडनीच्या नावानं मात्र एक वाक्प्रचार माझ्या कानावर नाही. पाठ्यपुस्तकात ती मूत्रपिंड, मटणाच्या दुकानात गुर्दा आणि घरात इंग्रजी किडनी. ज्याचं कधी काही ऐकू येत नाही त्याला नाव कोण ठेवणार?

पण या मुक्या अवयवाचं काम पाहिलं की थक्क व्हायला होतं. प्रत्येक किडनी सुमारे दहा-बारा सेंटिमीटर लांब, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. दोघींचं मिळून वजन शरीराच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. तरी हृदय जेवढं रक्त बाहेर फेकतं त्याचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक त्यांच्याकडे जातो. प्रत्येकीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव त्यांतून गाळला जातो आणि लघवी होते फक्त दीड-दोन लिटर. उरलेलं सगळं, म्हणजे पाणी, मीठ, साखर, मोजून-मापून परत रक्तात जमा होतं. आपण समजतो किडनीचं काम घाण टाकणं. खरं काम आहे काय राखायचं हे ठरवणं.

आणि एवढ्यावर भागत नाही. हाडांच्या पोकळीतल्या मगजात रक्तातल्या तांबड्या पेशी तयार होतात, दर सेकंदाला वीसेक लाख. एक पेशी जगते सुमारे 120 दिवस. नव्या किती करायच्या याचा हुकूम पोहोचवणारा संप्रेरक किडनीतून निघतो. किडनी खचली की हुकूम थांबतो आणि माणूस पांढरा पडतो. भावाचं हिमोग्लोबिन का उतरलं, ते तेव्हा मला कळलं. लोहाची टंचाई नव्हती, हुकूमच निघत नव्हता. उन्हात कातडीनं बनवलेल्या 'ड' जीवनसत्त्वाला शेवटचा हात फिरवून ते हाडांच्या कामाला लावणारीही किडनीच. रक्तदाब राखण्यातही तिचा मोठा वाटा. म्हणजे रक्तदाब किडनी बिघडवतो आणि बिघडलेली किडनी रक्तदाब आणखी चढवते. या चक्रात माझा भाऊ दहा वर्षं फिरत होता आणि त्याला चक्कर एकदाही आली नाही.

डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. मनगटाजवळ धमनी शिरेला जोडली होती. तिथे बोट ठेवलं की आत घरघर लागे. त्या यंत्राचा मूळ पुरुष विलेम कोल्फ हा नेदरलँड्समधला डॉक्टर. 1943 मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, त्यानं सॉसेजवर चढवायच्या सेलोफेनच्या नळ्या एका फिरत्या पिंपावर गुंडाळून पहिली कृत्रिम किडनी उभी केली. सुरुवातीचे रोगी दगावले. 1945 मध्ये एक बाई वाचल्या. आजची यंत्रं कितीतरी पुढे गेली आहेत. पण चोवीस तासांचं काम आठवड्याच्या बारा तासांत उरकायचं, ही तडजोडच. आणि हाडांना नि रक्ताला जाणारे हुकूम यंत्राला देता येत नाहीत.

म्हणून मी दाता व्हायचं ठरवलं. सख्ख्या भावाला देण्याची मुभा 1994 च्या अवयवप्रत्यारोपण कायद्यानं आहेच. आमचा दोघांचा रक्तगट ओ. हे गट कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 साली उलगडले, तोवर एकाचं रक्त दुसऱ्याला देणं म्हणजे जुगार होता. ओ गटाचा माणूस अवयव कुणालाही देऊ शकतो, घेताना मात्र त्याला ओच लागतो. पुढे ऊतींचा मेळ. सख्ख्या भावंडांत तो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अर्धा जुळण्याची दोनात एक, अजिबात न जुळण्याची पुन्हा चारात एक. आमचा अर्धा जुळला. आयुष्यभरही आमचं साधारण तेवढंच जुळलं होतं.

मग सुरू झाली तपासणी. दात्याला डोक्यापासून पायापर्यंत पारखून घेतात. पंधरा दिवसांत मी माझं शरीर पहिल्यांदाच आतून पाहिलं, आणि प्रत्येक टेबलापाशी एकच गोष्ट नव्यानं ऐकत गेलो.

हृदय मुठीएवढं. दिवसाला लाखभर ठोके, मिनिटाला पाचेक लिटर रक्त. त्याला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बऱ्याच अरुंद होईपर्यंत माणूस नेहमीची कामं करत राहतो. साधारण सत्तर टक्के वाट बुजली की चालताना छातीत भरून येऊ लागतं. फुप्फुसांतल्या कोट्यवधी फुग्यांचं आवरण उलगडून पसरलं तर जवळपास बॅडमिंटनचं कोर्ट भरेल. एक फुप्फुस काढलेली माणसंही चालती-फिरती असतात. लिव्हर सुमारे दीड किलोचं. निरोगी असेल तर त्याचा दोन तृतीयांश भाग काढला तरी ते पुन्हा वाढून जवळपास मूळ आकाराला येतं. हाडं 206. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम त्यांत साठवलेलं. स्नायू आणि हृदय चालायला रक्तात कॅल्शियम ठरावीक प्रमाणात लागतं. कमी पडलं की शरीर हाडांतून उचलतं. वर्षानुवर्षं उचलत राहतं, आणि एक दिवस न्हाणीघरात पाय घसरल्याचं निमित्त होऊन खुब्याचं हाड मोडतं तेव्हा घरच्यांना ते समजतं.

बँकेच्या भाषेत याला गंगाजळी म्हणतात. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेली राखीव रक्कम. निसर्गानं प्रत्येक अवयवात ती सढळ हातानं ठेवली आहे, म्हणूनच आपण जगतो. पण ज्या खात्यात रोजचा खर्च गंगाजळीतून परस्पर भागवला जातो, त्या खात्यातला तोटा कुणाच्या नजरेला येत नाही. चेक वटत राहतात. ज्या दिवशी पहिला चेक परत येतो, त्या दिवशी तिजोरी रिकामी झालेली असते. अशी खाती मी नोकरीत पाहिली होती. अशी शरीरं असतात हे मला माहीत नव्हतं.

शेवटच्या दिवशी माझे कागद घेऊन डॉक्टरबाईंसमोर बसलो. माझं क्रिएटिनिन होतं 1.2. छापील मर्यादेच्या आत. अहवालावर तांबडी खूण कुठेच नव्हती. मी म्हटलं, "म्हणजे ठीकच." त्या म्हणाल्या, "काका, क्रिएटिनिन हा स्नायूंतून निघणारा कचरा. किडनीची साधारण निम्मी ताकद जाईपर्यंत तो आकडा मर्यादेच्या आत राहू शकतो." मग त्यांनी स्कॅनचा कागद पुढे केला. दोन्ही किडन्यांची मिळून गाळण्याची क्षमता मिनिटाला 62 मिलिलिटर. दात्याच्या मानानं फार कमी. लघवीत थोडी प्रथिनं. रक्तदाब तिन्ही वेळा दीडशेच्या वर. "तुमची तुम्हालाच लागणार आहे," त्या म्हणाल्या.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. ते वाक्य ऐकलं तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. वाईट नंतर वाटलं. सुटलो असं वाटल्याची लाज त्याहून नंतर, भावाच्या पलंगाशी बसलो तेव्हा. तो म्हणाला, "दादा, जाऊ दे. तुझी बघ आधी." त्या क्षणी मला त्याच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

माझी भावजय खिडकीशी उभी होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, "माझाही ओच आहे ना? माझी तपासा." आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आणि अवयव मिळणाऱ्यांत पुरुष जास्त, हे मी पुढे वाचलं. वाचून आश्चर्य वाटलं नाही. आम्हीही तिला सर्वांत शेवटी मोजली होती आणि भार तिनंच उचलला. नात्यानं परकी, ऊतींचा मेळ जेमतेम, तरी आताच्या औषधांमुळे नवरा-बायकोंतलं असं रोपण चांगलं टिकतं.

जगातलं पहिलं यशस्वी मूत्रपिंडरोपण भावाभावांतच झालं होतं. 23 डिसेंबर 1954, बोस्टन. रोनाल्ड हेरिक यानं आपल्या जुळ्या भावाला, रिचर्डला किडनी दिली. शस्त्रक्रिया जोसेफ मरे यांनी केली, त्यांना 1990 चं नोबेल मिळालं. रिचर्ड आणखी आठ वर्षं जगला. एकाच किडनीवर रोनाल्ड 79 वर्षांचा होऊन 2010 मध्ये गेला. उरलेली किडनी आकारानं थोडी वाढते, जास्त काम अंगावर घेते आणि दोघींच्या मिळून कामाच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत पोहोचते, असं डॉक्टरबाईंनी भावजयीला समजावलं. तिनं एकच विचारलं, "स्वयंपाकाला किती दिवसांनी उभी राहू?"

शस्त्रक्रिया पार पडली. माझी कल्पना अशी की जुन्या काढून त्यांच्या जागी नवी बसवतात. तसं नसतं. बहुधा जुन्या तिथेच राहतात. नवी बसवतात पुढच्या बाजूला, ओटीपोटात, बहुतेक वेळा उजवीकडे. कारण पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या तिथे हाताशी असतात आणि मूत्राशयही जवळ. म्हणजे त्या पहिल्या दिवशी मी जिथे हात ठेवला होता, नेमकी तीच जागा. भावाला हे सांगितलं तेव्हा टाके दुखत असूनही तो हसला.

आज तो कामावर जातो, रोज ठरल्या वेळी गोळ्या घेतो. त्या जन्मभराच्या आहेत. भावजयीची वर्षातून एकदा तपासणी होते, ती आम्ही चुकवू देत नाही. आणि मी? रक्तदाबाची गोळी, मीठ कमी, अंगदुखीच्या गोळ्या मनानं घेणं बंद, सहा महिन्यांनी रक्त आणि लघवी. आकडा फारसा हललेला नाही. गेलेले नेफ्रॉन परत येत नाहीत, जन्मानंतर नवीन तयारही होत नाहीत. आहेत ते सांभाळायचे.

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी भावाचा फोन येतो. आधी तो त्याचा रक्तदाब वाचून दाखवतो, मग मी माझा. पूर्वी आम्ही फोनवर एकमेकांना "काय म्हणतोस, बरा आहेस ना?" असं विचारायचो आणि "बरा आहे" हे उत्तर खरं मानून फोन ठेवायचो. आता तो मला आकडा विचारतो.