उपमा कुठे थांबवायची?

‘कवी माणूस, त्यातून बी. ए.; आणि लिहितो काय, तर भौतिकशास्त्रावर!’ मासिकात माझा लेख आला की कुणीतरी असं म्हणतंच. म्हणणाऱ्याचं चुकत नाही. पण ज्या मासिकात एका पानावर कथा, दुसऱ्यावर पाककृती आणि शेवटी राशिभविष्य असतं, तिथे भौतिकशास्त्र सांगायचं तर गणित चालत नाही. हाताशी उरते ती उपमा. आणि उपमेशी आम्हा कवींची जुनी ओळख. फरक एवढाच, की कवितेत ती मोकाट सोडता येते, विज्ञानलेखात तिला दावं बांधावं लागतं.

आइन्स्टाइनच्या १९१५ सालच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताचंच बघा. तो सांगताना बहुतेक जण एक चादर ताणतात. मधोमध जड गोळा ठेवला की चादरीला खळगा पडतो. बाजूला सोडलेली गोटी त्या खळग्याकडे घरंगळते. सूर्यामुळे अवकाश असंच वाकतं, असं म्हटलं की वाचक खूश, लेखकही खूश. पण एखादी चुणचुणीत मुलगी विचारील, ‘गोटी खाली का घरंगळली?’ उत्तर असं, की चादरीखालून पृथ्वी तिला ओढते म्हणून! म्हणजे गुरुत्वाकर्षण समजावायला आपण गुपचूप गुरुत्वाकर्षणच वापरलं. शिवाय या सिद्धांतात नुसतं अवकाश वाकत नाही, काळही वाकतो. जमिनीजवळचं घड्याळ उंचावरच्या घड्याळापेक्षा किंचित मंद चालतं. झाडावरून आंबा पडतो त्यात या काळाच्या वाकण्याचाच वाटा मोठा असतो. चादरीत काळाला जागाच नाही.

मग चादर वापरायचीच नाही का? खुशाल वापरावी. पण ‘ही उपमा इथवरच’ हे वाक्य तिच्यापाठोपाठ यायला हवं. जागा कमी पडली की संपादकाची कात्री नेमकी त्याच वाक्यावर चालते, हे मात्र सांगून ठेवतो.

उपमेपेक्षा अवघड प्रकरण शब्दांचं. बल, शक्ती, ऊर्जा हे शब्द कवितेत मी एकमेकांच्या जागी सहज वापरीन. भौतिकशास्त्रात ते तीन वेगळे संसार आहेत. बल न्यूटनमध्ये मोजतात, ऊर्जा ज्यूलमध्ये, शक्ती वॉटमध्ये. आणि सगळ्यात फसवा शब्द म्हणजे ‘कार्य’.

मार्केट यार्डातला माथाडी कामगार डोळ्यांसमोर आणा. पन्नास किलोचं पोतं त्याने जमिनीवरून सव्वा मीटर उचलून पाठीवर घेतलं. कार्य झालं सुमारे सहाशे ज्यूल. दहा वॅटचा दिवा मिनिटभर जळायला तेवढीच ऊर्जा लागते. आता पोतं पाठीवर घेऊन तो सपाट जमिनीवर एकसारख्या चालीने गोदामापर्यंत शंभर पावलं चालला. पोत्यावर कार्य किती झालं? पुस्तक म्हणतं, शून्य. कारण तो पोत्याला आधार देतो वरच्या दिशेने आणि पोतं सरकतं आडव्या दिशेने.

पुष्कळ लेख इथे ‘गंमत आहे ना!’ असं म्हणून थांबतात. मला ती गंमत वाटत नाही. घामाने निथळणाऱ्या माणसाला ‘तुझं कार्य शून्य’ असं सांगणारं शास्त्र वाचकाला एक तर वेडगळ वाटतं, नाही तर निर्दय. दोन्ही खोटं आहे. तेच पोतं टेबलावर ठेवलं तर टेबल ते दिवसभर पेलील, त्याला भाकरी लागत नाही. स्नायूचं तसं नाही. ताण धरून ठेवायचा तर त्यातले बारीक तंतू सतत आकसत आणि सैल होत राहतात. त्यासाठी अन्नातली ऊर्जा खर्च होते आणि शेवटी तिची उष्णता होते. घाम येतो तो तिच्यामुळे. शून्य आहे ते पोत्याच्या हिशेबात, माणसाच्या नव्हे. एवढी चार वाक्यं वाढवली की ‘कार्य’ या शब्दाची व्याख्या वाचकाला पटते, आणि त्याचा अपमानही होत नाही.

जून २०२५मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले, तेव्हा ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ हा शब्द पुन्हा घरोघरी पोचला. वास्तविक चारशे किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ नऊदशांश असते. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने पुढे धावतं, त्याच सेकंदात सव्वाचार मीटरच्या आसपास खाली पडतं, आणि तेवढ्या अंतरात पृथ्वीची गोलाईही तेवढीच खाली वळलेली असते. म्हणून ते पडतच राहतं, पण आपटत नाही. आतला माणूसही त्याच्याबरोबर पडत असतो, म्हणून तरंगताना दिसतो. ‘शून्य गुरुत्वाकर्षण’पेक्षा ‘अखंड पडणं’ मला काव्यदृष्ट्याही सरस वाटतं.

असा लेख छापून आला की पत्रं येतात. कुणी कळवतं, हे सगळं वेदांत आहे. आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग प्रेमाने सांगतात, कुराणात आहे. दोघांनाही माझा सलाम. पण लेखात मी दोन्ही घेत नाही. तिथे कुणी, कधी आणि कसं मोजून पाहिलं, एवढंच सांगायचं असतं.

हे सगळं जमवणारा एक माणूस होता, जॉर्ज गॅमॉव्ह. मूळचा रशियन साम्राज्यातल्या ओडेसाचा, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला मोठा शास्त्रज्ञ. त्याने एक गोष्ट लिहिली. बँकेतला एक कारकून, मिस्टर टॉम्पकिन्स, सापेक्षतेवरच्या व्याख्यानात झोपी जातो आणि स्वप्नात अशा गावी पोचतो जिथे प्रकाशाचा वेग सायकलच्या वेगाहून फारसा जास्त नाही. तिथले सायकलस्वार धावताना चपटे दिसतात. अमेरिकेतल्या मासिकांनी ही गोष्ट साभार परत केली. अखेर १९३८मध्ये इंग्लंडच्या ‘डिस्कव्हरी’ मासिकाचे संपादक सी. पी. स्नो, जे पुढे कादंबरीकार म्हणून गाजले, त्यांनी ती छापली. नंतर तिच्या भावंडांसह पुस्तक झालं. १९५६मध्ये गॅमॉव्हला युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला. तोच पुरस्कार १९९६मध्ये आपल्या जयंत नारळीकरांना मिळाला.

गॅमॉव्हची युक्ती नीट पाहण्यासारखी आहे. त्याने उपमा दिलीच नाही. सेकंदाला तीन लाख किलोमीटर हा एकच आकडा खाली आणला आणि बाकीचे नियम जसेच्या तसे ठेवले. पुस्तकात तर स्वप्नांबरोबर प्राध्यापकाची व्याख्यानंही दिली. त्यामुळे टॉम्पकिन्स जागा झाला, की कोणता आकडा बदलला होता आणि खरा किती, हे त्याच्याबरोबर वाचकालाही ठाऊक असतं.