फेकलेल्या वस्तूचा मार्ग

तोफेचा गोळा ४५ अंशांच्या कोनातून उडविला असता सर्वांत दूर जातो, असे निकोलो तार्ताल्या या इटालियन गणितज्ञाने इ. स. १५३७ मध्येच लिहून ठेवले होते. परंतु असे का व्हावे, याची समाधानकारक उपपत्ती त्याच्यापाशी नव्हती. फेकलेल्या वस्तूत भरलेला जोर संपेपर्यंत ती पुढे जाते आणि जोर संपला की खाली कोसळते, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती. ही समजूत आजही पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनात दडलेली असते आणि त्यांच्या बहुतेक चुकांचे मूळ तीच असते.

गॅलिलिओने इ. स. १६३८ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या ग्रंथात हे कोडे उलगडले. त्या वेळी तो फ्लॉरेन्सजवळ स्थानबद्धतेत होता आणि त्याची दृष्टी गेली होती. त्याचे म्हणणे असे की, फेकलेल्या वस्तूला एकाच वेळी दोन गती असतात. क्षितिजसमांतर गती कायम राहते. ऊर्ध्व गती मात्र गुरुत्वाकर्षणामुळे सतत बदलते. या दोन्ही गती एकमेकींच्या आड येत नाहीत. त्यांच्या संयोगाने वस्तूचा मार्ग अन्वस्ताकार होतो.

उदाहरणे सोडविण्याची सारी रीत या एका विचारात सामावलेली आहे. समजा, एक चेंडू सेकंदाला २५ मीटर वेगाने अशा रीतीने फेकला की, त्याच्या वेगाचा क्षितिजसमांतर घटक २० व ऊर्ध्व घटक १५ आहे. सोयीसाठी गुरुत्वत्वरण १० मानू. ऊर्ध्व वेग दर सेकंदाला १० ने घटतो, म्हणून १.५ सेकंदात तो शून्य होतो. या अवधीत सरासरी ऊर्ध्व वेग ७.५ असल्यामुळे चेंडू ११.२५ मीटर उंची गाठतो. खाली येण्यास तेवढाच वेळ लागतो. एकूण ३ सेकंदांत तो २० च्या वेगाने ६० मीटर दूर जाऊन पडतो.

आता घटकांची अदलाबदल करावी. ऊर्ध्व घटक २० असल्यास चेंडू ४ सेकंद हवेत राहतो आणि १५ च्या वेगाने पुन्हा ६० मीटरच जातो. पहिला कोन सुमारे ३७ अंशांचा व दुसरा ५३ अंशांचा. ४५ अंशांपासून दोन्ही सारखेच दूर. अशा जोडीचा पल्ला समान असतो, हेही गॅलिलिओने दाखविले होते. याच वेगाचा चेंडू ४५ अंशांतून फेकल्यास पल्ला ६२.५ मीटर भरतो आणि तोच सर्वाधिक होय.

हाच पहिला चेंडू २० मीटर उंच गच्चीवरून फेकला तर? येथे चढण्याचा व उतरण्याचा वेळ सारखा मानून दुप्पट करणे ही नेहमीची चूक होय. वेळ ‘व’ मानल्यास, वरची दिशा धन धरून, १५व − ५व² = −२०, म्हणजेच व² − ३व − ४ = ० असे समीकरण मिळते. त्याची उत्तरे ४ व −१. चेंडू ४ सेकंदांनी, ८० मीटर अंतरावर पडेल. दुसरे उत्तर टाकून द्यावयाचे असले, तरी ते निरर्थक नाही. हाच मार्ग मागे वाढविल्यास चेंडू १ सेकंद आधी जमिनीवरून निघाला असता, एवढेच ते सांगते.

या रीतीची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. तिच्यात हवेचा विरोध धरलेला नाही. इंग्लंडमधील बेंजामिन रॉबिन्सने इ. स. १७४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असे दिसून आले की, वेगवान गोळ्याला होणारा हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो. गोळंदाजाने केवळ अन्वस्तावर भिस्त ठेवली, तर त्याचा गोळा लक्ष्याच्या पुष्कळ अलीकडेच पडेल. म्हणून उदाहरणाला हात घालण्यापूर्वी काय गृहीत धरले आहे, हे विद्यार्थ्याने आधी लिहावे, सूत्र त्यानंतर.